काळाचा ताळा घेणारे शाळामास्तर : शंकर बाळकृष्ण दीक्षित

दिवाळीच्या संध्याकाळी पेढीवर नवी वही उघडली जाते. कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले जाते, ‘श्री’ची चढती मांडणी होते, गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी यांचे स्मरण केले जाते आणि त्याखाली मिती पडते : वीर निर्वाण संवत, विक्रम संवत, महिना, पक्ष, तिथी, वार. घरातील वडीलधारे सांगतात आणि हाताला वळण असलेला कोणी लिहितो. मिती बरोबर आहे की नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पंचांगात आहे, म्हणजे बरोबरच असणार, असा आपला भरवसा असतो.

मात्र आपल्या पूर्वजांना हा प्रश्न विचारावाच लागत असे. मारवाडातील पेढीने लिहिलेली जेठ वद पंचमी म्हणजे महाराष्ट्रातल्या पंचांगातील वैशाख वद्य पंचमी. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, इकडे अमावास्येला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे एकच नाव, वद्य पक्षात मात्र एका महिन्याचा फरक. संवताचेही तसेच. मारवाडात विक्रम संवत चैत्रात पालटतो, गुजरातेत तो कार्तिकात पालटतो. त्यामुळे गुढीपाडव्यापासून दिवाळीपर्यंत एकाच दिवशी पाली आणि अहमदाबाद येथील वह्यांत संवताचे दोन वेगळे आकडे असतात. हे न कळणाऱ्या मुनीमाच्या हाती मुदती हुंडी पडली, तर व्याजाचा हिशेब महिन्याने चुकायचा किंवा वर्षाने.

हा घोळ केवळ पेढीचा नाही. मूर्तीच्या पीठावरील लेख, हस्तलिखित पोथीच्या शेवटची पुष्पिका, दानाचा ताम्रपट, या साऱ्यांवर मित्या आहेत. त्या नेमक्या कोणत्या दिवसाच्या, हे ठरविता आले तरच इतिहास उभा राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम ज्यांनी हाती घेतले, त्यांत एक मराठी शाळामास्तर होते. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. नोकरी शिक्षण खात्याची, बदलीची. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे त्यांचे नाव.

मुरूडचा विद्यार्थी

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये दापोली तालुक्यातील मुरूड गावी झाला. नारळी-पोफळीच्या बागा, पुढे समुद्र, आणि घरोघरी वेदपठणाची परंपरा असलेले हे गाव. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले, हे अनेकांना ठाऊक आहे. त्यांच्याहून पाच वर्षांनी वडील असलेले दीक्षित मात्र त्या मानाने विस्मृतीत गेले.

गावच्या शाळेतील शिक्षण आणि थोडे संस्कृत एवढ्या शिदोरीवर दीक्षित १८७० मध्ये पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. हे ‘कॉलेज’ नावापुरतेच. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करण्याची ती सरकारी संस्था होती. तेथून बाहेर पडणारा तरुण एखाद्या तालुक्याच्या गावी मराठी शाळेवर रुजू होई आणि बहुधा आयुष्यभर त्याच खात्यात राही. दीक्षितांनी तेथला अभ्यासक्रम पुरा केला, इंग्रजीचा अभ्यास करून १८७४ मध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण येथे संपले.

पुढे ज्यांच्याशी त्यांचे लिखाणातून संबंध आले, ते बहुतेक पदवीधर, प्राध्यापक किंवा सनदी अधिकारी होते. दीक्षितांना प्रत्येक वेळी आपले म्हणणे पदवीच्या आधाराविना, केवळ गणिताच्या बळावर पटवून द्यावे लागले. त्यांच्या लेखनात पुराव्यावाचून एकही विधान पुढे सरकत नाही. त्याचे मूळ स्वभावात असेलच, पण काही अंशी या परिस्थितीतही असावे.

बदल्यांची वाट

रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे. दीक्षितांच्या नोकरीचा नकाशा एवढाच. रेवदंड्याची मराठी शाळा, मग ठाणे, मग बार्शीची इंग्रजी शाळा, त्यानंतर धुळ्याची शिक्षक तयार करणारी ट्रेनिंग शाळा आणि शेवटी जेथून ते विद्यार्थी म्हणून बाहेर पडले, त्याच पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक म्हणून पुनरागमन.

यातील बार्शी आणि धुळे ही नावे आपल्या वाचकांच्या परिचयाची आहेत. कापूस, गळिताची धान्ये आणि भुसार यांच्या या जुन्या पेठा. आपल्यापैकी कित्येकांचे पणजोबा त्याच काळात तेथे दुकान मांडून बसले असतील. आडतीच्या गजबजाटापासून चार गल्ल्या पलीकडे एक मास्तर दिवसा मुलांना शिकवीत होते आणि रात्री आकाश व आकडे यांचा मेळ घालीत होते.

त्या काळच्या तालुक्याच्या गावी राहून संशोधन करणे म्हणजे काय, याची कल्पना आज येणे कठीण आहे. जवळ मोठे ग्रंथालय नाही. सिद्धांतग्रंथ छापलेले थोडे. बहुतेक हस्तलिखितांत, आणि ती पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहात किंवा कोणा शास्त्र्याच्या घरच्या लाकडी पेटीत. प्रत मागवायची, उतरून घ्यायची, परत पाठवायची. तेवढ्यात बदलीचा हुकूम यायचा. बिऱ्हाड, पोथ्या आणि गणिताचे कागद बांधून पुन्हा नवे गाव.

या धावपळीतही त्यांनी शाळेकडे दुर्लक्ष केले नाही, असे त्यांच्या पुस्तकांवरूनच दिसते. ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ (१८७६) आणि ‘सृष्टचमत्कार’ (१८८२) ही त्यांची पुस्तके मोठा ग्रंथ लिहिण्याच्या पुष्कळ आधीची. १८९२ मध्ये त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ प्रसिद्ध केले. त्याचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे होते. जेवणखाण उरकल्यावर अंगणात बसून घटकाभर आकाश पाहावे आणि समजून घ्यावे, यासाठी लिहिलेले ते पुस्तक. नक्षत्रे म्हणजे पंचांगाच्या चौकटीतील केवळ नावे नव्हेत, ती डोळ्यांनी पाहता येतात, हे मराठी घरांना या पुस्तकाने शिकविले. आयुष्याच्या अखेरीस, १८९७ मध्ये, त्यांनी ‘सोपपत्तिक अंकगणित’ लिहिले. रीत पाठ करू नका, ती का बरोबर आहे हे समजून घ्या, असा आग्रह त्या नावातच आहे.

गुप्त संवताचा प्रश्न

दीक्षितांचे नाव महाराष्ट्राबाहेर पोहोचले ते एका जुन्या कोड्यामुळे. उत्तर भारतातील कितीतरी शिलालेख आणि ताम्रपट यांवर गुप्त राजांच्या संवताची वर्षे कोरलेली आहेत. पण त्या संवताचे पहिले वर्ष कोणते? कोणी ते शक संवताच्या आरंभाशी, म्हणजे इ. स. ७७-७८ शी जुळवीत होते. कोणी १६६, कोणी १९० धरीत होते. अल्बेरुणीने मात्र हा संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाला असे नोंदविले होते. त्याप्रमाणे तो इ. स. ३१९-२० मध्ये येतो. मतांचे हे अंतर सुमारे अडीचशे वर्षांचे होते.

हे अंतर आपल्या दृष्टीने किती महत्त्वाचे होते, ते दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. विदिशेजवळील उदयगिरीच्या एका गुहेत भगवान पार्श्वनाथांची प्रतिमा स्थापन केल्याचा लेख आहे. त्यावर गुप्त वर्ष १०६ आहे. आजच्या देवरिया जिल्ह्यात कहाऊं येथे एक शिलास्तंभ आहे. मद्र नावाच्या श्रद्धाळू गृहस्थाने त्यावर पाच जिनप्रतिमा करविल्या. लेखात स्कंदगुप्ताचे नाव आणि वर्ष १४१ आहे. संवताचा आरंभ कळला नाही, तर ही दाने तिसऱ्या शतकातली की पाचव्या शतकातली, हेच सांगता येत नाही. दात्याचे नाव राहिले, गावाचे नाव राहिले, प्रतिमा राहिल्या, पण त्यांचा काळ हरवलेला, अशी ही स्थिती होती.

सरकारी पुराभिलेखतज्ज्ञ जॉन फेथफुल फ्लीट हे या लेखांचा संग्रह सिद्ध करीत होते. तो १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. मंदसोरच्या लेखाने त्यांना मुख्य दुवा दिला. मात्र अनुमानाची खात्री करण्यासाठी गणित हवे होते, आणि ते करून देणारे होते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातील शंकर बाळकृष्ण दीक्षित.

ही खात्री कशी होते? जुन्या लेखात केवळ वर्ष असेल तर त्याची तपासणी करता येत नाही. तिथीबरोबर वारही दिलेला असेल तर मात्र करता येते. एरण येथील स्तंभावर बुधगुप्ताच्या काळचा लेख आहे : वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. संवताचा आरंभ ३१९-२० धरला, तर हे वर्ष इ. स. ४८४ येते. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी गणिताने काढली, तर ती २१ जून रोजी पडते, आणि तो दिवस गुरुवारच आहे. चौदाशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला वार आणि कागदावर मांडलेले गणित एकमेकांशी जुळले.

एखादा वार योगायोगानेही जुळू शकतो. सातांत एकदा तर जुळणारच. म्हणून एका लेखावर न थांबता वार, नक्षत्र किंवा संवत्सर दिलेले अनेक लेख तपासावे लागले. परिव्राजक महाराजांच्या ताम्रपटांत गुप्त वर्षाबरोबर गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रातील संवत्सराचे नाव येते. ते नाव कोणत्या रीतीने ठरत असे, हे आधी कोणाला नीट उलगडले नव्हते. गुरू सूर्याच्या तेजात लोपून पुन्हा उगवतो, त्या उदयाच्या वेळी तो ज्या नक्षत्रात असेल त्यावरून संवत्सराचे नाव पडते, हे दीक्षितांनी जुन्या ग्रंथांतून शोधून काढले. त्या रीतीने मोजताच ताम्रपटांतील नावे जुळू लागली. फ्लीट यांच्या ग्रंथाला दीक्षितांची दोन परिशिष्टे जोडलेली आहेत. एक तिथीवरून वार आणि इंग्रजी तारीख काढण्याच्या रीतीचे, दुसरे गुरूच्या या बारा वर्षांच्या चक्राचे.

रोजमेळ आणि खतावणी स्वतंत्रपणे लिहून दोहोंचा ताळा घेण्याची आपली जुनी शिस्त आहे. एका बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूवरून उतरून घेतला, तर ताळा जुळतो, पण चूक पकडली जात नाही. दीक्षितांनी इतिहासाला हीच शिस्त लावली. गणित एका बाजूला, कोरीव लेख दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र, म्हणूनच त्यांच्या जुळण्याला किंमत.

पंचांगाचा वाद

भूतकाळाच्या मित्या तपासणे हे एक काम झाले. चालू पंचांग तपासणे अधिक अवघड होते, कारण तेथे श्रद्धा गुंतलेल्या होत्या.

तिथी म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती सारखी नसल्याने तिथी कधी वीस तासांत संपते, कधी सव्वीस तासांहूनही अधिक चालते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असा सर्वसाधारण नियम. एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्या सूर्योदयापूर्वी संपली, तर तिचा क्षय, आणि दोन सूर्योदय तिच्या पोटात आले, तर वृद्धी. चांद्रवर्षात तिथी ३६०, दिवस मात्र ३५४. हा फरक क्षय-वृद्धीतून वळता होतो. अष्टमी-चतुर्दशीचे उपवास, आयंबिल, पर्युषणातील संवत्सरी यांचे दिवस ठरविताना तिथीच्या काही घटिका इकडच्या तिकडे झाल्या, तर काय होते, हे आपल्या घरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

दीक्षितांच्या काळी दख्खनमधील पंचांगे मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. कोकण किनाऱ्यावरील नांदगावच्या या विद्वानाने शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास, अत्यंत सोयीची गणितपद्धती रचली होती. परंतु साडेतीनशे वर्षांत गणित आणि आकाश यांत अंतर पडत गेले होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक वेधांवर आधारलेली कोष्टके १८६० मध्ये मराठीत प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून सुधारलेले पंचांग काढले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले जाते. पुढे विसाजी रघुनाथ लेले, ठाण्याचे जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनी शके १८०६ पासून सायन पंचांग सुरू केले.

सायन-निरयन हा वाद वरवर पंडिती वाटतो. त्याचा गाभा मात्र कोणत्याही व्यवहारी माणसाला समजेल असा आहे. ऋतू सूर्याच्या उत्तर-दक्षिण गतीवर अवलंबून असतात. निरयन पंचांगाचे वर्ष स्थिर ताऱ्यांवरून मोजले जाते. या दोन वर्षांत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे. वर्षाला वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटते. परंतु चक्रवाढ नसलेले साधे व्याजदेखील साचत जातेच. सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस, सुमारे दोन हजार वर्षांत एक महिना. दिवस मोठा होऊ लागतो तो २२ डिसेंबरपासून, आणि आपण मकरसंक्रांत साजरी करतो १४ जानेवारीला. हे साचलेले अंतर तेच.

चातुर्मासाचा विचार केला म्हणजे त्याचे गांभीर्य ध्यानी येते. साधु-साध्वींनी चार महिने एका ठिकाणी राहावे, कारण पावसात जमीन सूक्ष्म जीवांनी भरून जाते आणि विहारात हिंसा घडते. आषाढ हा महिना त्यासाठी नेमलेला आहे तो पावसामुळे. महिन्याची नावे ताऱ्यांच्या हिशेबाने चालत राहिली आणि पाऊस सूर्याच्या हिशेबाने पडत राहिला, तर काही सहस्रकांनी नियम पाळला जाईल आणि त्याचा हेतू मात्र हातून निसटेल. व्रताचा संबंध ऋतूशी असेल, तर गणनाही ऋतूला धरून असावी, असे सायनवाद्यांचे म्हणणे होते. परंपरेने चालत आलेली नक्षत्रे आणि राशी सोडता येणार नाहीत, असे निरयनवाद्यांचे उत्तर होते. दोन्ही बाजूंना विद्वान होते आणि दोन्ही बाजूंना शास्त्राधार होते.

दीक्षित स्वतः सायन पक्षाचे. असे असूनही आपल्या ग्रंथात त्यांनी विविध प्रांतांत चालणारी निरनिराळी पंचांगे, त्यांचे आधारग्रंथ आणि त्यांच्यातील भेद सविस्तर नोंदविले. ज्याच्याशी आपला वाद आहे, त्याचेही म्हणणे पूर्ण आणि नेटके मांडायचे, ही शिस्त त्यांनी पाळली. अनेकांताच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला ती विशेष भावेल.

मराठीत लिहिलेला ग्रंथ

पेशवाईत विद्वानांना दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अमलात त्या निधीतील काही रक्कम मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्याकडे वळविण्यात आली. त्यासाठी नेमलेल्या दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगांच्या इतिहासावर ग्रंथ मागविला. दीक्षितांनी तो लिहून पारितोषिक मिळविले. पण ते तेथे थांबले नाहीत. आणखी पोथ्या पाहिल्या, भर घातली, दुरुस्त्या केल्या, आणि १८९६ मध्ये पुण्यात तो प्रसिद्ध झाला : ‘भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’.

वेदांतील नक्षत्रांच्या उल्लेखांपासून दीक्षितांच्या समकालीन पंचांगकर्त्यांपर्यंतचा हा इतिहास आहे. कोण ग्रंथकार, कोणत्या शकात, कोणत्या गावी, त्याने कोणते मान घेतले, ते कोठून घेतले, आकाशाशी ते कितपत जुळते, याची छाननी त्यात पानोपानी आहे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे एक वाक्य आहे. कृत्तिका नेमक्या पूर्वेला केव्हा उगवत असतील, हे गणिताने काढून दीक्षितांनी त्या उल्लेखाचा काळ इ. स. पूर्व ३००० च्या सुमाराचा ठरविला. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि अजूनही होतात. परंतु ग्रंथातील एका वाक्यावरून आकाश मांडून पाहण्याची त्यांची रीत वाद घालणाऱ्यांनाही टाळता आली नाही.

वेदांगज्योतिषातील दुर्बोध श्लोक उलगडण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. त्या ग्रंथात पाच वर्षांचे युग मानले आहे : १८३० दिवस, ६२ चांद्रमास, ६७ नाक्षत्रमास. आपल्या ‘सूर्यप्रज्ञप्ती’त नेमके हेच पंचवर्षात्मक युग आहे. ६२ महिन्यांच्या १८६० तिथी आणि दिवस १८३०, म्हणजे पाच वर्षांत तीस तिथींचा क्षय, दर एकसष्ट दिवसांना एक. वैदिक आणि जैन परंपरा तत्त्वज्ञानात कितीही वेगळ्या वाटांनी गेल्या, तरी एका काळी या भूमीवरील दिवसांची मोजणी दोघींनी एकाच मापाने केली, हे यातून दिसते. आजच्या सूक्ष्म मानाने ६२ चांद्रमासांना १८३० दिवसांहून सुमारे एक दिवस अधिक लागतो. यंत्रांवाचून, केवळ डोळ्यांनी पाहून, पाच वर्षांत एका दिवसाची चूक! ज्या काळी ही मोजणी झाली, त्या काळाच्या मानाने हा मेळ थक्क करणारा आहे.

त्याच १८९६ साली लंडनमध्ये दीक्षितांचे दुसरे मोठे काम प्रसिद्ध झाले. निवृत्त सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेला ‘द इंडियन कॅलेंडर’. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या भारतीय मित्यांच्या इंग्रजी तारखा काढण्याची कोष्टके त्यात आहेत. अमान्त आणि पूर्णिमान्त महिने, चैत्रादी आणि कार्तिकादी वर्षे, अधिक आणि क्षय मास, गत आणि वर्तमान संवत, हे सर्व भेद त्यात सोडवून दाखविले आहेत. पाली आणि अहमदाबाद येथील वह्यांचा जो घोळ आरंभी सांगितला, त्याची किल्ली या पुस्तकात सापडते. पुढच्या पिढ्यांतील लेखसंशोधकांनी जैन प्रतिमालेखांच्या आणि पोथ्यांच्या मित्या तपासल्या, त्यांनाही अशाच कोष्टकांचा आधार होता.

इंग्रजी पुस्तक जगभर गेले. मराठी ग्रंथ मात्र मराठी वाचणाऱ्यांपुरता राहिला. दीक्षितांना इंग्रजीत लिहिता येत होते, त्यांचे निबंध इंग्रजी नियतकालिकांत छापले जात होते. तरीही आयुष्यातील सर्वांत मोठे काम त्यांनी आपल्या भाषेत केले. त्याची किंमतही मोजावी लागली. ग्रंथाचा हिंदी अनुवाद १९५७ मध्ये निघाला. प्रा. र. वि. वैद्य यांनी केलेला इंग्रजी अनुवाद दोन भागांत १९६९ आणि १९८१ मध्ये भारत सरकारच्या हवामान खात्याने प्रसिद्ध केला. मूळ ग्रंथ आणि हा इंग्रजी अनुवाद यांत सुमारे पाऊण शतकाचे अंतर पडले. जुना, परभाषी, पण टाळता न येणारा असा तो ग्रंथ असल्यामुळेच एवढ्या उशिरा का होईना, कोणाला तरी त्याचा अनुवाद करावासा वाटला.

अपुरे आयुष्य, पुरे काम

एप्रिल १८९८ मध्ये दीक्षितांचे निधन झाले. वयाचे पंचेचाळिसावे वर्ष चालू होते. मोठे ग्रंथ प्रसिद्ध होऊन दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या काळात त्यांच्या कीर्तीचा पसारा वाढायचा, नेमक्या त्याच वेळी हिशेब बंद झाला.

स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे चैत्र १, शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिचे वर्ष ऋतूंना धरून चालणारे, म्हणजे सायन आहे. धार्मिक पंचांगे बहुतांशी निरयनच राहिली. वाद मिटला असे म्हणता येत नाही. मात्र लेले, मोडक आणि दीक्षित यांनी पाऊणशे वर्षांपूर्वी अल्पमतात राहून जी बाजू मांडली होती, ती देशाच्या दिनदर्शिकेत मान्य झाली.

आपल्याकडे कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानाची आराधना होते. पोथ्या बाहेर काढल्या जातात, त्यांवरील धूळ झटकली जाते, नवे वेष्टन घातले जाते. पुष्कळ घरांत माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या पणजोबांच्या वह्याही असतात. या वर्षी त्या दिवशी त्यांतील एखादी वही खाली काढावी. पहिल्या पानावरील संवत, महिना, पक्ष, तिथी आणि वार नीट वाचावेत. घर मूळचे मारवाडचे की गुजरातचे, यावरून महिना पूर्णिमान्त की अमान्त आणि संवत चैत्रादी की कार्तिकादी, हे ठरवावे, आणि मग तारीख काढून वार जुळतो का ते पाहावे. आज संगणकावर हे काम क्षणात होते. बार्शीतल्या आणि धुळ्यातल्या भाड्याच्या घरांत हेच काम दिव्याच्या उजेडात, टाक आणि दौत घेऊन, एकेक आकडा मांडून होत असे.

वार जुळला, तर समजावे की पणजोबांच्या मुनीमाने मिती नीट घातली होती. जुळला नाही, तर लगेच त्यांना दोष देऊ नये. आपण कोणता महिना आणि कोणते वर्ष धरले, ते आधी पुन्हा तपासावे. दीक्षित गुरुजींनी हेच केले असते.